कडेच्या बाकावरची मुलगी

पुण्याजवळच्या एका मोठ्या सोसायटीत राहणाऱ्या वाचक ताईंचं हे पत्र. ओळख पटेल असे तपशील वगळून त्याचा सारांश देते.

त्यांच्या समोरच्या फ्लॅटमध्ये एक तरुण जोडपं राहतं. दोघांच्या नोकऱ्या, घरात दीड वर्षाचं बाळ. सात महिन्यांपूर्वी त्यांच्याकडे एक मुलगी राहायला आली. वय दहा-अकरा असावं. "लांबच्या नात्यातली आहे, गावाकडे खायचे वांधे आहेत," असं त्या घरातून सांगितलं गेलं. ती शाळेत जात नाही. सकाळी कचऱ्याचा डबा बाहेर ठेवते ती, दिवसभर बाळ कडेवर घेते ती, आणि रात्री साडेदहाला भांडी घासल्याचा आवाज येतो तोही तिचाच. संध्याकाळी बाळाला घेऊन ती सोसायटीच्या बागेत येते आणि कडेच्या बाकावर बसून राहते. एकदा तिच्या हातावर भाजल्याची खूण दिसली. विचारल्यावर म्हणाली, "तवा लागला."

पुढचं ताईंच्याच शब्दांत: "ही माणसं वाईट नाहीत. गेल्या वर्षी सासऱ्यांच्या छातीत रात्री दोन वाजता कळ आली, तेव्हा यांनीच गाडी काढली. माझे मिस्टर सोसायटीच्या कमिटीवर आहेत. ते म्हणतात, सगळ्या विंगला दिसतंय, कोणी बोलत नाही, मग तूच कशाला वाईटपणा घेतेस? तक्रार केली तर पोरीला रिमांड होममध्ये टाकतील. त्यापेक्षा इथे निदान दोन वेळा पोटभर जेवते. मलाही ते पटतं. पण एक गोष्ट डोक्यातून जात नाही. ती नवी आली तेव्हा माझा दहा वर्षांचा मुलगा मला विचारायचा, 'आई, ती खेळत का नाही?' मी काहीतरी सांगून वेळ मारून न्यायचे. मागच्या आठवड्यात मुलांचा बॉल तिच्या बाकाखाली गेला. त्याने तिच्याकडे न बघता हात पुढे केला आणि म्हणाला, 'ए, बॉल दे.' मी तिथेच उभी होते. माझं काही चुकतंय का? आणि मी नेमकं काय करू?"

ताई,

तुमचं पत्र मी तीनदा वाचलं. तिसऱ्यांदा वाचताना लक्षात आलं की त्यात त्या मुलीचं नाव कुठेच नाही. शेजाऱ्यांची नावं तुम्ही लिहिली होती, बाळाचं लाडाचं नावसुद्धा होतं. ती मी इथे गाळली आहेत. मुलीबद्दल एवढंच होतं की बागेतल्या बायका तिला 'छोटी' म्हणतात. समोरासमोर दारं आहेत, आणि सात महिने झालेत. हे तुम्हाला टोचावं म्हणून लिहीत नाही. मी स्वतः याहून फार जास्त वर्षं अशी काढली आहेत, म्हणून लिहिते.

मी साताऱ्याकडच्या एका मोठ्या घरात वाढले. मी नऊ वर्षांची असल्यापासून माझ्या तेराव्या वर्षापर्यंत आमच्याकडे एक मुलगी कामाला होती. घरात तिला सगळे 'पोरी' म्हणत. ती रोज सकाळी माझ्या वेण्या घालायची. तेवढ्या वेळात मी मांडीवर पुस्तक उघडून बसायचे आणि ती माझ्या खांद्यावरून त्यातली चित्रं बघायची. माझं वाचून झालं की मी पान उलटायचे. तिचं बघून झालं का, हे विचारायचं मला चार वर्षांत एकदाही सुचलं नाही. आमच्या घरची माणसं गावात भली म्हणून ओळखली जायची. दिवाळीला तिला नवा फ्रॉक असायचा, आजारी पडली तर डॉक्टर यायचे, आणि पाहुण्यांना अभिमानाने सांगितलं जायचं, "मुलीसारखी ठेवलीय." एके दिवशी तिचे वडील आले आणि लग्न ठरलंय म्हणून तिला घेऊन गेले. ती माझ्याहून फार तर वर्षभराने मोठी असेल. तिचं खरं नाव मला आजही ठाऊक नाही.

म्हणून तुमच्या मुलाचा तो 'ए' मी ओळखते. तो दुष्ट मुलगा नाही. त्याने आधी विचारलं होतं, आणि ते अगदी बरोबर विचारलं होतं. उत्तर मिळालं नाही म्हणून त्याने विचारणं सोडलं आणि आपल्या मनाशी एक सोय लावून घेतली: बाकावर बसणारी ती, खेळणारे आपण. एवढं शिकायला त्याला सात महिने पुरले. मोठ्यांना याहून कमी वेळ लागतो. तुम्ही विचारता की तक्रार केली तर काय होईल. तक्रार केली नाही म्हणून तुमच्या घरात काय झालं, ते तुम्हीच पत्रात लिहिलं आहे.

आता तुमच्या पत्रातल्या एकेका समजुतीकडे बघू. त्या तुमच्या एकटीच्या नाहीत, आपल्या सगळ्यांच्याच आहेत.

"दोन वेळा पोटभर जेवते." हे वाक्य माझ्या आजीच्याही तोंडी होतं. त्यात अर्धं खरं आहे, म्हणून ते इतकं चिवट आहे. पण तुमच्या मुलाच्या बाबतीत 'पोटभर जेवतो ना, मग झालं' असं तुम्ही म्हणाल का? त्याची तुलना तुम्ही वर्गातल्या मुलांशी करता आणि हिची तुलना उपाशी राहण्याशी. मोजपट्ट्या दोन कशा झाल्या? सहा ते चौदा वर्षांच्या प्रत्येक मुलाला मोफत आणि सक्तीचं शिक्षण मिळण्याचा हक्क देणारा कायदा 2009 चा आहे, आणि 1 एप्रिल 2010 पासून तो लागू आहे. त्यात 'जेवण मिळत असेल तर शाळा नको' असं कलम नाही.

"लांबच्या नात्यातली आहे." हे जवळपास प्रत्येक घरात सांगितलं जातं, म्हणून इथे जरा थांबते. बालमजुरीचा कायदा 1986 चा. घरकामाला लहान मुलं ठेवण्यावर 10 ऑक्टोबर 2006 पासून बंदी आली, आणि 2016 च्या दुरुस्तीनंतर चौदा वर्षांखालच्या मुलाला कोणत्याही कामावर ठेवणं हाच गुन्हा झाला. त्यासाठी सहा महिने ते दोन वर्षं कैद किंवा वीस ते पन्नास हजार रुपये दंड, किंवा दोन्हीही होऊ शकतं. मुलांना आपल्या कुटुंबाला हातभार लावायची मुभा आहे, पण ती शाळा सुटल्यावर किंवा सुट्टीत. आणि कुटुंब म्हणजे कोण, हेही कायद्यात लिहिलं आहे: आई-वडील, भावंडं, काका, आत्या, मामा, मावशी. 'लांबचं नातं' त्यात बसत नाही. अगदी सख्खी मावशी असली, तरी शाळेच्या वेळेत बाळ सांभाळायला ठेवता येत नाही.

ती चौदाच्या वरची निघाली तर? तरीही तुमचा फोन वाया जात नाही. अठरा वर्षांखालच्या मुलाला कामासाठी डांबून ठेवणं किंवा त्याची कमाई हडपणं हा 2015 च्या बाल न्याय कायद्याने वेगळा गुन्हा आहे आणि त्याला पाच वर्षांपर्यंत शिक्षा आहे. तिचं वय ठरवायचं काम तुमचं नाही. तुम्हाला ती लहान दिसते, एवढं पुरेसं आहे.

"सगळ्या विंगला दिसतंय, कोणी बोलत नाही." तुमच्या मिस्टरांचा हा मुद्दा मला सगळ्यात महत्त्वाचा वाटला. 1968 मध्ये अमेरिकेत जॉन डार्ली आणि बिब लाताने या दोन मानसशास्त्रज्ञांनी एक प्रयोग केला. खोलीत विद्यार्थ्यांना फॉर्म भरायला बसवलं आणि भिंतीतल्या झरोक्यातून धूर सोडला. एकटा बसलेला विद्यार्थी असेल तर शंभरातले पंचाहत्तर उठून बाहेर सांगायला गेले. पण सोबत दोन माणसं बसवली होती, आणि धुराकडे ढुंकूनही बघायचं नाही असं त्यांना आधीच सांगून ठेवलं होतं, तेव्हा शंभरातले जेमतेम दहा उठले. बाकीचे खोकत, डोळे चोळत फॉर्म भरत राहिले. नंतर विचारलं तर कोणी म्हणालं, वाफ असेल.

तुमच्या बागेत संध्याकाळी निदान वीस-पंचवीस बायका असतील. प्रत्येकीने बाकीच्यांचे चेहरे वाचले आणि ठरवलं की काही नसावं, असतं तर कोणीतरी बोललं असतं. 'लांबच्या नात्यातली आहे' ही तुमच्या विंगची वाफ. सगळे गप्प आहेत यावरून 'तिचं ठीक चाललंय' असा अर्थ निघत नाही, ताई. त्याच प्रयोगातली आणखी एक गोष्ट लक्षात घ्या: एकटं असताना त्यातली बरीचशी माणसं उठली होती. म्हणजे वाईट वाटणं त्यांच्यात होतंच. तुमच्यातही आहे, म्हणून तर पत्र आलं.

"ही माणसं वाईट नाहीत." मान्य. रात्री दोन वाजता गाडी काढणाऱ्या माणसांचं ऋण मोठं असतं, ते तुम्ही विसरावं असं मी म्हणणार नाही. सासऱ्यांसाठी तुम्ही त्यांच्या ऋणात आहात. पण त्या ऋणाची फेड ही मुलगी करते आहे. तिने ते कधी घेतलं होतं? उपकार तुमच्यावर झाले आणि तुमच्या गप्प राहण्याची किंमत तिच्याकडून वसूल होते, हे एकदा शांतपणे मनात धरून बघा. चांगली माणसंही आपली सोय होत असेल तर खूप काही न बघता राहू शकतात. माझे आजी-आजोबा तसे राहिले. त्यांना थांबवणारं कोणी मिळालं असतं तर ते चिडले असते, महिनोन् महिने बोलले नसते, हे मला माहीत आहे. तरीही कोणी थांबवायला हवं होतं, असं मला आज वाटतं.

आता 'रिमांड होम'. हा शब्द आपल्याकडे मुलांना धाक घालायला वापरतात, त्यामुळे डोळ्यांसमोर तुरुंगच येतो. गुन्ह्याचा आरोप असलेल्या मुलांसाठी निरीक्षणगृह असतं. काळजी आणि संरक्षणाची गरज असलेल्या मुलांसाठी बालगृह. या मुलीचा संबंध आला तर दुसऱ्याशी. तिथे पाठवायचं की नाही, हे पोलीस ठरवत नाहीत. सोडवलेल्या मुलाला चोवीस तासांच्या आत जिल्ह्याच्या बालकल्याण समितीपुढे न्यावं लागतं. समितीत एक अध्यक्ष आणि चार सदस्य असतात, त्यांत निदान एक स्त्री. ते मुलीशी बोलतात, आई-वडिलांना बोलावतात, घरची परिस्थिती तपासतात आणि मग ठरवतात. सगळी बालगृहं चांगली आहेत असं मी तुम्हाला सांगणार नाही. पण समितीपुढे आलेल्या मुलाची कागदोपत्री नोंद होते आणि त्याच्याबद्दल जाब विचारता येतो. बंद फ्लॅटमधल्या मुलीबद्दल आज तो कोणालाच विचारता येत नाही. गरिबीमुळे तिला पाठवलं असेल तर राज्य सरकारची बालसंगोपन योजना आहे, शाळाबाह्य मुलींसाठी कस्तुरबा गांधी बालिका विद्यालयांसारख्या निवासी शाळा आहेत. वयाचा दाखला नाही किंवा वर्ष अर्धं सरलं, या कारणाने शाळेला प्रवेश नाकारता येत नाही. वयाप्रमाणे वर्ग मिळतो आणि मागे पडलेलं शिकवून घ्यायची तरतूद आहे. हे सगळं आपोआप घडत नाही, कोणीतरी पाठीमागे लागावं लागतं. पण ते आहे.

मग करायचं काय? तुमच्या मनात पहिला विचार आला असेल तो शेजाऱ्यांशी गोडीत बोलून बघण्याचा. सभ्य माणसाला तेच सुचतं. मी मात्र तुम्हाला ते करू नका असं स्पष्ट सांगते. अशा बोलण्यानंतर मुलगी रातोरात हलवली जाण्याची भीती असते. कुठल्या तरी एसटीत बसवून देतील किंवा ओळखीतल्या दुसऱ्या घरी पाठवतील, आणि मग ती कोणालाच सापडणार नाही. सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर तिचा फोटो टाकून चर्चा सुरू करणं तर मुळीच नको. तिची इभ्रत जाते, त्या घराला आधीच सुगावा लागतो, आणि अशा मुलाची ओळख उघड करायला कायद्यानेही मनाई आहे.

1098 या नंबरवर फोन करा. लहान मुलांसाठीची ही मोफत, चोवीस तास चालणारी हेल्पलाइन 1996 मध्ये मुंबईत टाटा इन्स्टिट्यूट ऑफ सोशल सायन्सेसमधून सुरू झाली. आता ती सरकारकडून चालवली जाते आणि 112 या तातडीच्या मदतीच्या नंबरशी जोडलेली आहे. फोन करण्याआधी एका कागदावर लिहून काढा: विंग, मजला, फ्लॅट नंबर, मुलीचं अंदाजे वय, किती महिन्यांपासून दिसते, कोणत्या वेळी काय काम करते, हातावरची खूण कोणत्या हाताला आणि साधारण कधी दिसली, घरात ती एकटी कधी असते. जे पाहिलं तेवढंच लिहा. अंदाज असेल तर 'अंदाज' म्हणून सांगा. तुमचं नाव गुप्त ठेवा असं सुरुवातीलाच सांगा. 'मारतात' असं तुम्ही पाहिलेलं नाही, तेव्हा तसं म्हणू नका. शाळेच्या वयाची मुलगी दिवसभर घरकाम करते, एवढं कारवाईला पुरेसं आहे. रात्री कधी रडण्या-मारण्याचा आवाज आला तर मात्र सकाळची वाट न बघता 112.

चार-पाच दिवसांत काही हालचाल दिसली नाही तर पुन्हा फोन करा. नंतर बालकल्याण समितीला लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. कोणताही नागरिक देऊ शकतो. केंद्र सरकारचं 'पेन्सिल' नावाचं पोर्टल आहे, बालमजुरीची तक्रार तिथेही नोंदवता येते. पोलीस ठाण्यात जावं लागलं तर बालकल्याण पोलीस अधिकारी कोण आहेत ते विचारा. प्रत्येक ठाण्यात असा एक अधिकारी नेमायचा असतो.

मधल्या दिवसांत तिच्याशी बोला, पण उलटतपासणी घेऊ नका आणि 'मी तुला सोडवते' असं वचन देऊ नका. पाळणं तुमच्या हातात नसलेलं वचन तिच्या वाट्याला आधीच आलेलं असेल. बाकावर शेजारी बसा. बाळाला दहा मिनिटं तुमच्याकडे घ्या. नाव विचारा.

सावित्रीबाई फुल्यांचं 29 ऑगस्ट 1868 चं एक पत्र आहे, नायगावहून जोतीरावांना लिहिलेलं. गणेश नावाचा ब्राह्मण तरुण आणि सारजा नावाची महार समाजातली मुलगी यांचं प्रेम जमलं होतं, सारजा सहा महिन्यांची गरोदर होती. गावकऱ्यांनी दोघांना पकडून मारत मारत आणलं, जिवंत ठेवायचंच नाही असा बेत होता. सावित्रीबाईंच्या कानावर आलं तशा त्या धावत गेल्या. जमावाला त्यांनी माणुसकीचं व्याख्यान दिलं नाही. खून केलात तर इंग्रजांच्या कायद्याने काय होईल, ते सांगितलं. लोक बिचकले, आणि ते दोघं जिवंत गाव सोडून गेले. ती माणसं त्यांच्याच गावची, रोजच्या उठण्या-बसण्यातली होती. त्यांच्याशी वाकडं घ्यायला सावित्रीबाईंना सोपं गेलं असेल असं मला वाटत नाही. तुमच्यासमोर जमाव नाही, ताई. एक फोन आहे, तोही नाव न सांगता करता येणारा.

शेजाऱ्यांशी असलेले संबंध कदाचित तुटतील. ते तुटणार नाहीत असं खोटं आश्वासन मी देणार नाही. त्यांना संशय आला आणि त्यांनी थेट विचारलं, तर उत्तर द्यायला तुम्ही बांधील नाही. बोलावंसं वाटलंच, तर 'मला त्या मुलीची काळजी वाटत होती' एवढं बोला, ते खरंच आहे. मिस्टरांना हे पत्र दाखवा. ते कमिटीवर आहेत. चौदा वर्षांखालच्या मुलांना घरकामाला ठेवणं गुन्हा आहे, अशी एक साधी नोटीस लिफ्टजवळ लावायला कोणाचं नाव घ्यावं लागत नाही. पण ती मुलगी सुरक्षित झाल्यावर लावा, आधी नको.

मुलाशी आजच बोला. त्याला रागावू नका. "तू विचारलं होतंस ती का खेळत नाही, आणि मी तुला नीट सांगितलं नव्हतं," इथून सुरुवात करा. मग तिला काम करावं लागतं, ते चूक आहे, आणि आई त्यासाठी काहीतरी करते आहे, एवढं त्याला सांगा. काय करते ते सांगू नका, दहा वर्षांच्या पोटात गोष्ट राहत नाही. पुढच्या वेळी बॉल त्याने वाकून स्वतः काढावा, हेही सांगा.

हे वाचणाऱ्यांपैकी कोणाच्या स्वतःच्या घरात अशी मुलगी असेल, तर त्यांनाही दोन शब्द. घाबरून तिला गुपचूप गावी धाडू नका. वाटेत तिचं काय होईल, पुढे कोणाच्या दारी तिला उभं करतील, ते तुमच्या हातात राहणार नाही. तिची जितक्या महिन्यांची मजुरी बाकी आहे ती बाजूला काढा, स्वतःहून बालकल्याण समितीकडे जा आणि तिच्या शाळेचं काय ते तिथे बोला. अवघड वाटेल. माझ्या घरच्यांनी हे केलं असतं, तर माझ्या वेण्या घालणाऱ्या त्या मुलीचं लग्न त्या वयात झालं नसतं, असं मी बरेचदा मनाशी म्हणते.

ताई, फोन झाल्यावर मला कळवा. तिचं नाव मी छापणार नाही, छापायचंही नसतं. पण ते समजलं, असं एका ओळीत लिहा, आणि ती कुठल्या इयत्तेत बसली तेही.